शिजवल्यावर प्रोटीन संपतं? नाही, उलट जास्त पचतं

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: अन्न शिजवलं की प्रोटीन नष्ट होतं, कच्च्या अन्नातली एन्झाइम्स (पचनासारख्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ) मात्र रक्तात जाऊन काम करतात, म्हणून सगळं कच्चंच खा. लोक हे खरं मानून खाणं बदलतायत, म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, प्रोटीन नष्ट होतं. प्रोटीन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो अ‍ॅसिड्सची लांब साखळी, आणि ती ठरावीक आकारात दुमडलेली असते. हा आकार धरून ठेवणारे बहुतेक बंध कमकुवत असतात, उष्णतेने ते सुटतात आणि साखळी उलगडते, अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तो यामुळेच, पण साखळीतले पेप्टाइड बंध, म्हणजे एका अमिनो अ‍ॅसिडला दुसऱ्याशी जोडणारे दुवे, जागच्या जागी राहतात. ते किती चिवट असतात बघा, लॅबमध्ये प्रोटीनचे पूर्ण तुकडे करायला तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ११० अंशांवर साधारण २४ तास तापवावं लागतं! उकळत्या पाण्यात १० मिनिटांत ते कसे तुटणार? आणि उलगडलेल्या साखळीवर आपली पाचक एन्झाइम्स जास्त सहज पोचतात. १९९८ च्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन सुमारे ९१ टक्के पचलं, कच्च्याचं फक्त ५१ टक्के. अभ्यास छोटा होता, पाचच जणांवर, पण फरक केवढा मोठा आहे.

आता एन्झाइम्स. तीसुद्धा प्रोटीनच, त्यामुळे जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये बहुतेकांचा आकार बिघडतो, मग जठरातलं पेप्सिन आणि पुढे आतड्यातलं ट्रिप्सिन ही आपली पाचक एन्झाइम्स त्यांचे तुकडे करतात. रक्तात जातात ती मुख्यतः सुटी अमिनो अ‍ॅसिड्स. दूध न पचणाऱ्यांना लॅक्टेजच्या गोळ्या उपयोगी पडतात हे खरंय, पण ते एन्झाइम पचनमार्गातच लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तोडतं, त्याला रक्तात जावं लागत नाही.

‘सगळं कच्चं खा’ हा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं प्रोटीन असतं, त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात, कच्च्या सोयाबीनमधलं एक प्रोटीन आपल्या ट्रिप्सिनलाच अडवतं. ही दोन्ही नीट उकळल्यावर बऱ्याच अंशी निकामी होतात, म्हणजे इथे प्रोटीनचा आकार बिघडणंच आपल्या फायद्याचं.

शिजवण्यात काहीच जात नाही असं मात्र मी म्हणत नाहीये. व्हिटॅमिन सी घटतं, फार भाजलं तर लायसिन हे अमिनो अ‍ॅसिड थोडं वाया जातं. फळं, काकडी, गाजर खुशाल कच्चं खा, राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळूनच खा, मंद आचेवर अर्धवट शिजलेला नको.