टोकियो डिस्नेच्या तिकिटांबद्दलचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘टोकियो डिस्नेचं एकच तिकीट काढा, दोन्ही पार्क एका दिवसात बघा, बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत’ असा मेसेज सध्या फिरतोय. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबांचं यामुळे नुकसान होईल, म्हणून हा खुलासा.

टोकियो डिस्नेलँड (1983) आणि टोकियो डिस्नेसी (2001) शेजारी-शेजारी असले, तरी ते दोन वेगळे पार्क आहेत. नेहमीचं एक दिवसाचं तिकीट त्यांपैकी एकाच पार्कचं आणि ठरलेल्या तारखेचं असतं. तारखेनुसार दरही बदलतो. मोफत प्रवेश फक्त 3 वर्षांपर्यंतच्या मुलांना. 4 ते 11 वयाला लहान मुलांचं तिकीट लागतं. हे सगळं रिसॉर्टच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकिटांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे, तिथूनच मी पडताळलं.

राइडपाशी मिळणारा जुना कागदी फास्टपासही (रांगेत कमी थांबावं लागावं म्हणूनचा पास) आता बंद आहे. पैसे भरून रांग टाळायची तर ‘डिस्ने प्रीमियर ॲक्सेस’ हा पास रिसॉर्टच्या ॲपवरून, आत गेल्यावर, वेगळा घ्यावा लागतो. लहान मुलं सोबत असतील तर हा खर्च आधीच धरून ठेवा, कारण लोकप्रिय राइडच्या रांगा खरोखर लांब असतात.

तो मेसेज तुम्ही कुणाला पाठवला असेल, तर त्यांना ही दुरुस्तीही पाठवा, विशेषतः ज्यांचं बुकिंग अजून व्हायचंय त्यांना.