ताजं शेण थेट कुंडीत? त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या गच्चीबागेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'शेण कुजवू नका, कुजवलं की नत्र उडतं. ताजंच मातीत घाला. पालापाचोळ्यात दम नसतो, जाळून राख वापरा. ढीग तापला की खत जळतं. देशी गाईच्या शेणात रोगजंतू नसतात.' लोक त्यावर भरवसा ठेवून कुंड्या भरतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, मुद्दा अर्धा खरा आहे. नुसत्या शेणाचा ढीग उघड्यावर पडला तर नत्र असलेला अमोनिया वायू उडतो, वासावरूनच कळतं. पण ताजं शेण-मूत उन्हात जमिनीवर पसरलं तरी तो उडतोच. तो अडवतो कोण, तर मेसेजमधला 'दम नसलेला' पालापाचोळाच. शेणात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण साधारण २०:१ असतं, कोंबडीखतात १०:१च्या आसपास, उसाच्या पाचटात मात्र १००:१ किंवा तेवढ्याच्या घरात. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३०:१ मानवतं. कर्ब पुरेसा मिळाला की ते मोकळं नत्र स्वतःच्या शरीरात बांधून घेतात आणि ते ढिगातच राहतं. उलट, कच्चं पाचट एकटंच मातीत गाडलं तर हेच जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून शेण आणि पाला यांची गाठ मातीत जाण्याआधी, ढिगात घालायची. एक घमेलं शेणाला दोन-तीन घमेली सुका पाला. अमोनियाचा वास आला तर पाला वाढवा. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको.

राखेत पालाश (पोटॅश) आणि चुना उरतो, हे खरं. पण नत्र, बरंचसं गंधक आणि जवळजवळ सगळा कर्ब धुरात जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या रस्त्यांवर पानांचे खच पडतात आणि सकाळी झाडून पेटवले जातात. शेजारच्या दमेकऱ्याला त्रास देऊन आपण आपलंच खत जाळतो, याचा मला मनापासून राग येतो.

'खत जळतं' ही समजूत कशातून आली असावी, ते ढीग उकरला की दिसतं. आतल्या पानांवर राखेसारखा करडा-पांढरा थर असतो. ती राख नव्हे. उष्णता आवडणारे सूक्ष्मजीव तिथं वाढलेले असतात. फार पसरलेला दिसला तर ढीग आत कोरडा पडलाय, पाणी शिंपडून पलटी मारा. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसून पाच-दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला म्हणजे काम नीट चाललंय. ५५ ते ६५ अंशांवर काही दिवस राहिलेल्या ढिगात तणांचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. कडेचा माल गारच राहतो, म्हणून पलटी मारून तो आत घ्यायचा. ७० अंशांपुढे मात्र कुजवणारे जिवाणूही मरायला लागतात, तेव्हाही पलटीच.

आता देशी गाय. ई. कोलाय हा जिवाणू प्रत्येक गाईच्या आतड्यात असतो, वंश कुठलाही असो, आणि त्याचे काही प्रकार माणसाला आजारी पाडतात. कोथिंबीर, मुळा, गाजर आपण कच्चं खातो. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात कच्चं शेणखत घातल्यावर, खायचा भाग मातीला लागणाऱ्या पिकाची काढणी १२० दिवस करता येत नाही. कोथिंबीर दीड महिन्यात ताटात येते.

पुरंदर, दौंडकडच्यांनी हुमणी ही मुळं खाणारी कीडही ध्यानात घ्यावी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तिच्या अळ्या उसात, भुईमुगात येतात, हे जुन्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

ज्यांनी ताजं शेण कुंडीत घातलंच असेल, त्यांनी वरचा थर काढून सुक्या पाल्यात मिसळावा आणि झाकून ठेवावा. काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं झालं की परत घाला. तीन-चार महिने लागतील.