पंधरा ते पंचवीसमधल्या गळ्यांनी गायचं कुठे?

आपल्या नागपुरात लहान मुलांना एकत्र गायला शाळेचा परिपाठ आहे, स्नेहसंमेलन आहे. पन्नाशीच्या बायकांना भजनी मंडळ आहे. मधल्या वयाच्या पोरांसाठी, सदरच्या चर्चमधले क्वायर आणि भीमगीतांचे गट सोडले तर, आपण फारसं काही ठेवलेलंच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मी गाणं शिकवते. आठवी-नववीत मुलगे क्लास सोडतात. सांगताना ट्यूशनचं कारण सांगतात, पण बरेचदा खरं कारण गळ्यात असतं. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळपास एक सप्तक, म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा इतका, खाली उतरतो. कालपर्यंत तार षड्ज (वरचा सा) सहज लावणारा पोरगा मधल्या पंचमावरच (प वरच) चिरकतो. घरचे हसतात. "आवाज फुटला, आता गाऊ नको," असं मोठी माणसंच सांगतात आणि तो कायमचा गप्प होतो. खरं तर या काळात खालच्या पट्टीत, जोर न लावता गात राहायला काही हरकत नसते. फक्त त्याला एकट्याला माइकसमोर उभं करू नये. वीस जणांत बसला तर त्याचा चिरका स्वर कुणाला टोचत नाही आणि त्याचा कान तयार होत राहतो.

मुलं-मुली एकत्र आली की पट्टीवरून, म्हणजे पेटीची कुठली पट्टी सा धरायची यावरून, गाडी अडते. मुलांना साधारण पेटीची काळी एक (पहिली काळी पट्टी), मुलींना काळी चार. मग आपण मधलीच कुठली तरी पट्टी धरतो. मुलींचा आवाज तळाशी दबतो, मुलं वर ओरडतात. पण काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार! मुलांचा पंचम तोच मुलींचा षड्ज. हे नातं ओळखून मुलांसाठी आणि मुलींसाठी सुरांच्या दोन वेगळ्या ओळी बांधल्या तर कुणालाच गळा ताणावा लागत नाही. हे आपल्या देशात झालेलं आहे. गायिका-अभिनेत्री रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८ मध्ये कलकत्ता यूथ क्वायर उभं केलं, संगीतकार सलील चौधरी त्यांच्यासोबत होते. मद्रासला संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी तरुणांकडून भारतीय भाषांतली गाणी अशीच गाऊन घेतली.

आपल्या विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगान असतं, पण गायक फक्त ६. स्पर्धा संपली की गट मोडतो. त्या विद्यापीठाला नाव आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं, ज्यांनी खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं सामुदायिक प्रार्थनेला बसवली! त्या प्रार्थनेला बसायला कुणाची चाचणी घेतली जात नव्हती.

मला असा गट हवा आहे जो वर्षभर चालेल, बक्षिसासाठी गाणार नाही. कुणी बेसूर असला तरी सहा महिने त्याला बसू द्यायचं, ऐकू द्यायचं. क्लासची खोली, पेटी आणि तानपुरा मी देते. दोन ओळींत गाणी बांधून देईल असा कुणी संगीतकार हवा आहे. आणि नीट-जेईईवाल्या आईबाबांना हात जोडून सांगते, रविवारी सकाळचे दोन तास पोरांना द्या. बारावीलासुद्धा द्या.