आयबीएम आयवर भाषा एकत्र नांदत नाहीत, हा समज का टिकत नाही

आयबीएम आय, म्हणजे पूर्वीची एएस/४०० ही आयबीएमची व्यावसायिक संगणक प्रणाली, हिच्याविषयी एक विधान सतत पुढे पाठवले जाते: आरपीजी आणि कोबोल या व्यावसायिक प्रोग्रॅमिंग भाषांमधले जुने प्रोग्रॅम इतर भाषांशी जुळत नाहीत, जुळवले तर वेग घटतो आणि आकडे बिघडतात, म्हणून सगळे नव्या भाषेत पुन्हा लिहावे. हा सल्ला मानून वर्षानुवर्षे अचूक चाललेला कोड टाकून दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भाषा जुळत नाहीत, हे पहिले म्हणणे. १९८८ साली ही प्रणाली आली तेव्हापासूनच आरपीजीतून कोबोलचा प्रोग्रॅम कॉल करता येतो. पुढे आयएलई (इंटिग्रेटेड लँग्वेज एन्व्हायर्नमेंट) ही वेगवेगळ्या भाषांना एकत्र आणणारी रचना आली आणि १९९४ पासून आरपीजीही तिच्यात सामील झाली. तिच्यात आरपीजी, कोबोल, सी व सीएल (प्रणालीची आज्ञा-भाषा) या प्रत्येक भाषेचा कंपायलर एकाच प्रकारचे मोड्यूल, म्हणजे जोडण्याजोगा तुकडा, तयार करतो आणि ती मोड्यूल बांधून एकच प्रोग्रॅम करता येतो.

वेगाचा आक्षेप यातच निकालात निघतो, कारण असे बांधलेल्या प्रोसीजरला (मोड्यूलमधल्या उपकार्यक्रमाला) कॉल करताना दर वेळी प्रोग्रॅम शोधावा लागत नाही.

आकडे बिघडतात, या तक्रारीत मात्र तथ्याचा अंश आहे, म्हणून ती नीट तपासली पाहिजे. आरपीजीचा पॅक्ड दशांश आणि कोबोलचा कॉम्प-३ या दशांश संख्या-प्रकारांची साठवण एकच असते. सी मध्ये तीच रक्कम डबल या द्विमान अपूर्णांक-प्रकारात घेतली की ०.१० सुद्धा तंतोतंत मावत नाही, आणि त्यासाठीच तिथल्या सी कंपायलरने दशांश प्रकार दिलेला आहे. आरपीजीची ठरावीक लांबीची अक्षरमाला रिकाम्या जागांनी भरलेली असते, तर सी शेवटी शून्य बाइट शोधते; प्रोटोटाइपमध्ये (कॉल होणाऱ्या प्रोसीजरचे पॅरामीटर सांगणाऱ्या घोषणेत) तसे सांगितले की कंपायलर तो बाइट स्वतः जोडतो. खरा धोका असा की मोड्यूल बांधणारा बाइंडर केवळ नावे जुळवतो, पॅरामीटरचे प्रकार तपासत नाही, त्यामुळे प्रोटोटाइप चुकला तर चूक चालत्या प्रोग्रॅममध्येच उघड होते. कोबोलमधला स्टॉप रन हा आदेश असाच फसवा आहे: तो पूर्ण अॅक्टिव्हेशन ग्रुप, म्हणजे एकत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमचा गट, संपवतो आणि त्याच ग्रुपमधला कॉल करणारा आरपीजी प्रोग्रॅमही त्यात जातो, म्हणून कॉल होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याऐवजी, कॉल करणाऱ्याकडे परतणारे एक्झिट प्रोग्रॅम हे विधान लिहावे. हे दोष शिस्तीने टाळता येतात. त्यांच्यासाठी पुनर्लेखन लागत नाही.

नव्या भाषांचे काय, असेही विचारले जाते. पायथन आणि नोड याच यंत्रावर पेस या युनिक्ससारख्या वातावरणात चालतात, आणि आरपीजी प्रोग्रॅमची डीबीटू या प्रणालीतल्या डेटाबेसमध्ये स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमधून कॉल होणारा प्रोग्रॅम) म्हणून नोंद केली की तो तिथून साध्या एसक्यूएलने कॉल होतो. अक्षरे विचित्र दिसली तर डेटाबेसच्या स्तंभाचा सीसीएसआयडी (अक्षरसंचाचा क्रमांक) पाहावा: तो ६५५३५ असेल तर डेटाबेस रूपांतर करत नाही आणि एबसिडिक या आयबीएमच्या अक्षर-संकेताचे कच्चे बाइट तसेच हाती येतात.