‘पुढे पाठवा, एखादा जीव वाचेल’ : या मजकुराला उत्तर

महामार्गावर मोठा अपघात झाला की तासाभरात ग्रुपवर फोटो येतात. सोबत एक मजकूर असतो. गाडीचा रंग आणि फाट्याचं नाव तेवढं बदलतं, बाकी मजकूर वर्षानुवर्षं तोच: ‘कमकुवत मनाच्यांनी बघू नये. पण जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, एखाद्या आईचा मुलगा वाचला तरी पुण्य लागेल. गेलेल्याला आता काय फरक पडतो? नातेवाइकांपर्यंत निरोप पोचायला मदतच होते. फोटो बाहेर आल्याशिवाय पोलीस हलत नाहीत. आणि पाठवू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?’

हा मजकूर पाठवणारे सगळे विकृत असतात असं मला वाटत नाही. बरेच जण मनापासून, भल्यासाठी पाठवतात. म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलायला हवं.

‘एखादा जीव वाचेल’

हा युक्तिवाद आपल्या ग्रुपवर जन्मलेला नाही, तो आधीच एका वकिलाने वापरून झालाय. ३१ ऑक्टोबर २००६ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत अठरा वर्षांची एक मुलगी वडिलांची पोर्शे घेऊन निघाली. ताशी १०० मैलांहून जास्त वेगात तिची गाडी दुसऱ्या गाडीला घासली आणि टोलच्या रिकाम्या काँक्रीट बूथवर जाऊन आदळली. ती जागीच गेली. देहाची अवस्था अशी होती की आईवडिलांनाही तो बघू दिला नाही. महामार्ग पोलिसांनी तपासाचा भाग म्हणून फोटो काढले होते. तिथल्याच दोन कर्मचाऱ्यांकडून ते ईमेलने बाहेर पडले आणि जगभर पसरले. निकालपत्रात अडीच हजारांहून जास्त संकेतस्थळांचा उल्लेख आहे. पुढे त्या दोन कर्मचाऱ्यांपैकी एकाच्या वकिलाचा बचाव असा होता की हे फोटो बघून एखाद्या तरुणाने गाडी जपून चालवली तर ती समाजसेवाच झाली. आपल्या मजकुरातली पुण्याची ओळ हीच, फक्त इंग्रजीतून.

तेव्हा त्या फोटोंखाली लोकांनी काय लिहिलं? बापाच्या पैशांवर माजलेली पोरगी, बरं झालं, असलं. तिच्या नावाने खोटी पानं काढून टर उडवली गेली. वेगाचा धडा घेणारेही कुणी असतील, पण त्यांचा आवाज काही ऐकू आला नाही.

मुळात फोटोत धडा नसतोच. रस्त्यावर पडलेल्या देहाकडे बघून हेल्मेट होतं की नव्हतं, होतं तर त्याचा पट्टा लावला होता का, समोरचा ट्रक उलट्या बाजूने आला होता का, चालक किती तास झोपला नव्हता, यातलं काहीही कळत नाही. कळतं ते आकड्यांतून. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू वेगमर्यादा ओलांडल्यामुळे झालेल्या अपघातांतले होते. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावला नव्हता. हे कुणी ग्रुपवर टाकत नाही, कारण ते बघून अंगावर काटा येत नाही.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले, ते आठवा. त्यानंतर घराघरांत मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा झाली, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मागे बसणाऱ्यांनाही बेल्टची सक्ती जाहीर केली. कशामुळे? मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, या एका वाक्याच्या बातमीमुळे. त्यासाठी कुणाचा देह बघावा लागला नाही.

‘भीती दाखवली तर माणूस सुधारतो’ हे अर्धंच खरं आहे. भीतीबरोबर नेमकं काय करायचं हे सांगितलं, आणि ते आपल्याला जमेल असं वाटलं, तरच भीती कामाला येते. नाहीतर माणूस तोंड फिरवतो किंवा ‘आपलं ड्रायव्हिंग पक्कं आहे’ म्हणून पुढे जातो. वीस-बावीसच्या पोरांना तर धोका नेहमी दुसऱ्यालाच असतो. सिगरेटच्या पाकिटावर भयंकर चित्र असतं, पण त्याखाली व्यसन सोडायला मदत करणारा फोन नंबरही छापलेला असतो. ग्रुपवरच्या फोटोखाली काय असतं? हात जोडलेले आणि रडणारे चेहरे.

जीव वाचवायचं काम कसं होतं ते बघायला लांब जायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जण दगावले होते. तिथे रस्त्यालगतच्या काँक्रीटच्या कडांना आणि खांबांना आडोसे बसवले गेले, बंद पडलेली वाहनं हटवण्याची व्यवस्था लागली, वेगावर नजर आली, जखमीला लवकर हलवण्याची सोय सुधारली, आणि दोन-तीन वर्षांत आकडा बराच खाली आला. कंटाळवाणं काम आहे. व्हायरल होत नाही.

‘नातेवाइकांपर्यंत निरोप पोचतो’

पोचतो ना. पण कसा?

आपल्याकडे मरणाची बातमी द्यायची एक रीत आहे आणि ती फार जपून केली जाते. घरी पहिला फोन जातो तो ‘अपघात झालाय, ॲडमिट केलंय, तुम्ही निघा’ एवढाच. खरं काय ते भावकीतल्या एखाद्या खमक्या माणसाला सांगितलेलं असतं. तो गाडी ठरवतो, वाटेत चहा पाजतो, दवाखाना जवळ आला की ‘जरा सिरीयस आहे’ म्हणतो. शेजारच्या बायका घरात येऊन बसतात, कुणीतरी आईचा मोबाइल चार्जिंगला लावायच्या निमित्ताने उचलून नेतं, टीव्हीची वायर काढून ठेवली जाते. थोरल्या लेकीला सासरहून आणायला गेलेला माणूस तिला ‘आईला बरं नाही’ एवढंच सांगतो. कुणी याला खोटेपणा म्हणेल. मला तो समजूतदारपणा वाटतो. धक्का एकदम बसू नये, बसला तर सांभाळायला चार माणसं जवळ असावीत, एवढीच त्यातली धडपड असते.

आता याच्या मध्ये तो फोटो आणा. पंचनामा अजून सुरूही झालेला नसतो. बघ्यांपैकी कुणीतरी मोबाइल वर धरून फोटो काढतो, नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असा. तो तालुक्याच्या बातम्यांच्या ग्रुपवर जातो, तिथून गावच्या ग्रुपवर, तिथून दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर. त्या बॅचमध्ये धाकटा भाऊ असतो. कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून तो आधी गाडी ओळखतो, मग शर्ट. खमक्या माणूस अजून गाडीच ठरवतोय.

ओळख पटवायला फोटो लागतात, हेही ऐकलंय. पोलिसांकडे गाडीच्या नंबरवरून मालकाचा पत्ता काढायची सोय आहे, खिशातलं लायसन्स असतं, मोबाइलवरचा शेवटचा कॉल असतो, त्या गावच्या ठाण्याला फोन करता येतो. आणि जिथे ओळख खरंच अवघड असते तिथे फोटोचा उपयोग शून्य असतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस पेटली आणि २५ जण होरपळून गेले. देह ओळखण्यापलीकडे गेले होते, दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्या घरांना आधार होता तो बसमध्ये कोण बसलं होतं या यादीचा. जळालेल्या बसच्या आतले फोटो पाठवणाऱ्याने कुणाला काय कळवलं?

खरंच निरोप द्यायचा असेल तर ‘अमुक नंबरची पांढरी गाडी, अमुक फाटा, जखमींना अमुक दवाखान्यात नेलंय’ एवढं लिहिलं तरी पुरतं. तेही शक्यतो पोलिसांना सांगावं.

‘गेलेल्याला काय फरक पडतो?’

गेलेल्याला नसेल. कॅलिफोर्नियातल्या त्या घरात आईने इंटरनेट वापरणं सोडलं आणि धाकट्या बहिणीला शाळेतून काढून घरीच शिकवायची वेळ आली. बरीच वर्षं ते कोर्टात लढले. खालच्या न्यायालयाने आधी दावा फेटाळला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मृत माणसाच्या अशा छायाचित्रांबाबत कुटुंबीयांना स्वतःचा खासगीपणाचा हक्क आहे असं म्हटलं. २०१२ मध्ये महामार्ग पोलिसांनी सुमारे २४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. फोटो मात्र इंटरनेटवरून पुरते गेले नाहीत, पैशाने ते जातही नाहीत.

बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची गोष्ट हेलिकॉप्टरच्या अपघाताची, पण मुद्दा हाच. जानेवारी २०२० मध्ये तो, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि आणखी सात जण गेले. बचावाला गेलेल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांनी देहांचे फोटो काढून आपसांत फिरवले, एकाने तर बारमध्ये दाखवले. हे फोटो इंटरनेटवर आलेच नाहीत, मग नुकसान काय, असा लॉस एंजेलिस काउंटीचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचा, सूर होता. कोबीची पत्नी व्हेनेसा ब्रायंट यांचं म्हणणं होतं की ते कधीही समोर येतील या भीतीत जगावं लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना १ कोटी ६० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. न दिसलेल्या फोटोंची ही किंमत ठरली असेल, तर ग्रुपवर फिरणाऱ्यांची काय धरायची?

‘फोटो बाहेर आल्याशिवाय पोलीस हलत नाहीत’

या वाक्यात दम आहे, ते उडवून लावता येणार नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरना उडवलं. तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर मिळालेल्या जामिनाची बातमी लोकांनी उचलून धरली नसती तर पुढचं किती झालं असतं, कोण जाणे. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली तीही नंतरच.

पण त्या प्रकरणात कामाला आलं काय, ते बघा. बारमधलं सीसीटीव्ही, बिल, जामिनाचा आदेश, रक्ताच्या नमुन्याचा घोळ. म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या बाजूचे पुरावे. मेलेल्या पोरीचा आणि पोराचा रस्त्यावरचा फोटो लागला नाही. व्यवस्थेला जाब विचारायचा असेल तर खड्ड्याचा फोटो टाका, दुभाजक जिथे तोडलाय त्या जागेचा, ट्रकच्या न लागलेल्या मागच्या दिव्याचा, वेळेवर न आलेल्या रुग्णवाहिकेच्या कॉलची वेळ टाका. देहाच्या फोटोने राग येतो, पण तो राग कुणावर काढायचा हे त्यात दिसत नाही. आणि तुमच्याकडे खरोखर पुरावा असेल तर तो मूळ फाइलसकट तपास अधिकाऱ्याला द्यायचा. दहा ग्रुपमधून आलेल्या कॉपीत वेळ आणि जागेची मूळ नोंद उरत नाही.

‘कुठल्या कायद्यात लिहिलंय?’

थेट, नेमकं असं कलम आपल्याकडे नाही, हे खरं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ (जुनं २९७) प्रेताच्या विटंबनेचं आहे, पण त्यात भावना दुखावण्याचा हेतू किंवा त्याची जाणीव दाखवावी लागते आणि मोबाइलचा जमाना मूळ २९७ लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २१ मधली प्रतिष्ठा माणसाच्या मृतदेहालाही लागू आहे. उलट जयललितांवरच्या चित्रपटाच्या वादात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो असं म्हटलं. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या देहाचे फोटो फिरले तेव्हा महाराष्ट्र सायबरने ते पसरवू नका, कारवाई होऊ शकते, असा इशारा दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये ऋषभ पंतच्या अपघातानंतर केंद्राने वाहिन्यांना रक्तबंबाळ दृश्यांबद्दल समज दिली. इशारे आहेत, कायदा तोकडा आहे. जर्मनीने २०२१ पासून मृत व्यक्तीचं विटंबनाकारक छायाचित्र काढणं आणि पसरवणं थेट गुन्हा केला, दोन वर्षांपर्यंत कैद. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षापासून घटनास्थळी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांवर तशी बंदी घातली.

गंमत म्हणजे कायदा आपल्याला ज्या कामात संरक्षण देतो ते बहुतेकांना माहीत नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, आणि नाव सांगायचीही सक्ती नाही. ‘नसती कटकट मागे लागेल’ म्हणून हात न लावणारे तिथेच उभे राहून शूटिंग करतात. १०८ किंवा ११२ लावायला तोच मोबाइल चालतो.

‘कमकुवत मनाच्यांनी बघू नये’

ऑरेंज काउंटीतल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीचे वडील घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात होते. एक दिवस कामाचा वाटावा असा ईमेल आला. उघडला तर लेकीचा फोटो आणि तिच्या तोंडी घातलेली चेष्टा. बघायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर ऑटो-डाउनलोड चालू असेल तर तुम्हालाही कुणी विचारत नाही, आणि घरातली पोरंही उघडतात त्या फोनच्या गॅलरीत तो फोटो जाऊन बसतो. सेटिंगमधून ते बंद करता येतं. ग्रुपचे ॲडमिन असाल तर दुसऱ्याने टाकलेला फोटोही सर्वांसाठी डिलीट करता येतो. तो आधी करा, आणि टाकणाऱ्याशी ग्रुपवर वाद घालू नका, खासगीत फोन करा. ग्रुपवर भांडण पेटलं की जे बघायचे राहिले होते तेही वर जाऊन फोटो शोधतात.