'माथेफिरू' नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

नमस्कार,

बातम्यांत मारेकऱ्याला 'माथेफिरू' म्हणू नये, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर पुण्याच्या स्वारगेट एसटी आगारात वाहक म्हणून हयात घालवलेल्या माणसाची प्रतिक्रिया, तीही इतकी तळमळीने लिहिलेली. 'आभारी आहे' लिहून मोकळं होणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २५ जानेवारी २०१२ ला संतोष मानेने एसटी पळवून पुण्याच्या रस्त्यांवर ९ माणसं मारली. त्याला 'माथेफिरू' म्हणू नका असं सांगणं म्हणजे खुन्याची कड घेणं.

कड घेण्याचंच काढलंत, तर खटला आठवा. तो भानावर नव्हता हे कोण सांगत होतं? त्याचा बचाव पक्ष. त्यासाठी सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञाची साक्षही काढली होती. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ खाली सुटायचं, तर आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची कुवतच त्या वेळी नव्हती, हे दाखवावं लागायचं. सत्र न्यायालयाला ते पटलं नाही, उच्च न्यायालयालाही नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, पण दोषी तो दोषीच राहिला. कोर्टात न टिकलेला हा बचाव आपले पेपर मात्र अजून मथळ्यात छापतात. मग कड कोण घेतंय?

एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'मानसिक आजाराचा हिंसेशी काडीचाही संबंध नाही' असं मी लिहून गेलो. ते चूक. उपचार न मिळालेला तीव्र आजार, त्यात दारू, असं असलं तर धोका वाढतो. पण किती? अमेरिकेतला बराच वापरला जाणारा अंदाज असा, की समाजातल्या एकूण हिंसेपैकी साधारण ४ टक्के गंभीर मानसिक आजाराच्या खात्यावर जाते. तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, २००० ते २०१३ मधल्या अंदाधुंद गोळीबार करणाऱ्या ६३ बंदूकधाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात आधी मानसिक आजाराचं निदान झालेले होते चौथा हिस्सा. उरलेल्या तीन हिश्श्यांचं काय? तिथे द्वेष, अपमान, घरातली-नोकरीतली भांडणं असं बरंच काही निघतं, आणि ते शोधायला बातमीदाराला चार दिवस हिंडावं लागतं. 'माथेफिरू' लिहायला काही लागत नाही.

शिवाय हा शब्द सगळ्यांना सारखा मिळत नाही. नॉर्वेत २०११ च्या जुलैत ७७ माणसं मारली गेली, तेव्हा लंडनच्या एका मोठ्या पेपरने थेट अल कायदाचं नाव पहिल्या पानावर टाकलं. मारेकरी गोरा नॉर्वेजियन निघाला आणि चर्चा त्याच्या डोक्याकडे वळली. कोर्टाने त्याला शहाणा ठरवलं. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्यालाही तेच हवं होतं. आपल्याकडे ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपला वरिष्ठ आणि तीन मुस्लिम प्रवासी मारल्याचा आरोप झाला. तेव्हाही 'मानसिक स्थिती ठीक नव्हती' हेच आधी ऐकू आलं. गुन्ह्यात धर्माधर्मात तेढ वाढवण्याचं कलम नंतर लागलं.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. २०१२ मध्ये तो छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचा, गोळ्या वेळेवर घ्यायचा आणि रोज सकाळी आजीला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. २६ जानेवारीला, मानेची बातमी छापून आली त्या सकाळी, त्याने वाचला नाही. पहिलं पान आत जाईल अशी उलटी घडी घालून पेपर आजीच्या मांडीवर ठेवला आणि अंघोळीला गेला. टीव्हीशेजारी उघड्यावर असणारा गोळ्यांचा डबा त्या संध्याकाळी कपाटात, स्वेटरखाली गेला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मुलीला त्याच्याकडे गणिताला पाठवणं बंद केलं. तिची परीक्षा तोंडावर होती आणि काकू वाईट नव्हत्या. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्याच होत्या. मार्चमध्ये मामाने गोळ्या सोडल्या. आम्हाला कळलं मे महिन्यात, तो रात्र रात्र जिन्यात बसायला लागल्यावर. का सोडल्यास विचारलं तर म्हणाला, "गोळी घेतली की मी त्यातलाच ना?"

शब्दांची काळजी मला इथून लागली.

तर मग काय म्हणायचं, हा तुमचा प्रश्न. 'एसटी चालकाने बस लोकांवर घातली, ९ ठार.' मला तरी यात काही कमी वाटत नाही. त्यापुढे रकाना शिल्लक राहिलाच, तर त्यात ड्युटीचं लिहावं. रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती, ती मिळाली नाही, हे खटल्यात आलंच होतं. म्हणून त्याचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण ड्युट्या कशा लागायच्या, बदल मागायला कुणापुढे उभं राहायचं, कुणाचं ऐकलं जायचं आणि कुणाला हाकलायचे, हे मला पेपरात कुठे धड वाचायला मिळालं नाही. तुम्ही ते रोज पाहिलंय. लिहून पाठवाल का? तुमच्या नावाने छापेन, एक शब्द न बदलता. त्यात तुम्ही 'माथेफिरू' लिहिलंत तरी.