भावी साहेब, जिद्द सोडू नका!

भावी साहेब, तुम्ही खचलात असं कानावर आलं. एमपीएससीची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची, राज्यसेवा पूर्व परीक्षा दीड गुणाने गेली, रूममेट मुख्य परीक्षेला पात्र ठरला, आणि मेसवाल्या काकूंनी मागच्या महिन्याच्या बाकीची दोनदा आठवण करून दिली. एवढ्यावरून माणूस खचतो का? पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला तुमच्यासारखी हजारो पोरं कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून, राहतात. त्यांच्यातलं कुणी खचलेलं दिसतं का? नाही दिसत. सगळे अभ्यासिकेत खाली मान घालून बसलेले असतात, चेहरा दिसणार कसा!

तर आधी प्रथमोपचार. उशाशी भिंतीवर चिठ्ठी चिकटवा: ‘मी उपजिल्हाधिकारी होणारच.’ चिकटपट्टी चांगल्यातली घ्या, पुढच्या दोन-तीन अटेम्प्टला पुरली पाहिजे. आधीच्या मुलाने लावलेली चिठ्ठी भिंतीवर असेल तर तीच राहू द्या, उगाच रंग निघाला तर मालक डिपॉझिटमधून पैसे कापतो. तो मुलगा उपजिल्हाधिकारी झाला का, हे मात्र मालकाला विचारू नका.

मग पहाटे पाचला उठा आणि मोबाईल उघडा. व्हिडिओत एक सर तुमच्यावर ओरडत असतील. बाप उन्हात राबतोय आणि तुला झोप लागतेच कशी, असा एकूण सूर. मागे ढोल. पाचव्या मिनिटाला अंगावर काटा येतो आणि सहाव्या मिनिटाला टेस्ट सिरीजवरची सवलत येते. काटा बसायच्या आत फी भरून टाका.

सर एक फार मोलाची गोष्ट सांगतात: स्पर्धा इतरांशी नसते, स्वतःशी असते. हे मनावर कोरून ठेवा, म्हणजे आकडे बघायची वेळ येणार नाही. २०२३ ची तलाठी भरतीच घ्या. जागा ४६४४, अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे एका खुर्चीमागे दोनशेहून जास्त माणसं, पण तुमची स्पर्धा स्वतःशी, त्यामुळे बाकीच्यांनी घरी जायला हरकत नव्हती. परीक्षा शुल्क खुल्या गटाला १००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. अंकगणिताचा सराव म्हणून गुणाकार करून बघा, शंभर कोटींच्या आसपास जाईल. बेरोजगार माणूस राज्याच्या काही कामाचा नाही, असं पुन्हा कुणी म्हणालं तर हा गुणाकार त्याच्या तोंडावर मारा.

आता प्लॅन बी. तो ठेवायचा नाही. परतीचे दोर कापून टाका, असं प्रत्येक सेमिनारमध्ये सांगतात, आणि पुण्यात सांगायला सोपं जातं, सिंहगड समोरच आहे. १६७० साली तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले आणि मावळे लढले, ही गोष्ट तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मावळे गडावर पोचलेले होते आणि सूर्याजीही त्यांच्यासोबत वरच होता, हा तपशील सेमिनारमध्ये वेळेअभावी राहून जातो. इथे तुम्ही अजून पायथ्याशी असता आणि कात्री घेतलेले सर आपल्या गाडीत बसून पुढच्या सेमिनारला निघालेले असतात. पण भावना समजून घ्या.

तसंच ते वाळूचं. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ निम्म्या अभ्यासिकांत लावलेली सापडेल. मूळ भर्तृहरीचं, मराठीत आणलं वामन पंडितांनी. पुढच्या ओळी कुणी लावत नाही ते बरंच आहे. कारण श्लोकाचा रोख असा, की एक वेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाला शिंग सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता यायचं नाही. म्हणजे तेल निघत नाही हे कवीने गृहीतच धरलंय. तुम्ही पहिल्या ओळीवर थांबा आणि रगडत राहा.

तुमचा दम टिकावा म्हणून सरकार आणि आयोगही आपापल्या परीने झटत असतात. तारीख वेळेवर लागली तर परीक्षा होऊन जाते, निकाल लागतो, माणूस इकडे किंवा तिकडे सुटतो. मग जिद्दीचं काय? म्हणून ५ एप्रिल २०२० ला व्हायची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे, आणखी पुढे करत १४ मार्च २०२१ वर आणली. साथ होती, समजू शकतो. पण त्या १४ मार्चलाही अवघे तीन दिवस उरलेले असताना ती पुन्हा पुढे ढकलली. गावाहून आलेली पोरं एसटीतून उतरलेली, पेन घेतलेली. २०२४ मध्ये तर कमालच. राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएसची बँकेची परीक्षा, दोन्ही एकाच दिवशी, २५ ऑगस्टला. एकाच माणसाने एकाच वेळी दोन केंद्रांवर हजर राहायचं, एवढी साधी अपेक्षा. त्यासाठी लागते ती आंतरिक शक्ती तुमच्यात नसेल तर दोष वेळापत्रकाचा नाही. पुढे ती पूर्व परीक्षा झाली १ डिसेंबरला.

आणि पॅटर्न! वर्षानुवर्षं तुम्ही मुख्य परीक्षेला गोल काळे करायला शिकलात. कोणत्या चार पर्यायांतले दोन आधी उडवायचे याचं तंत्र बोटांत बसलं. मग २०२२ मध्ये ठरलं की आता उत्तरं लिहायची, यूपीएससीसारखी, पानंच्या पानं. बदल वाईट होता असं मी म्हणणार नाही. गोल रंगवून प्रशासक निवडायचे हे मला तरी कधी झेपलं नाही. पण निर्णय तुमच्या तिसऱ्या अटेम्प्टच्या मधोमध आला, यातही तुमच्या भल्याचाच विचार आहे. त्याच त्या नोट्स किती वर्षं वाचणार? आता नव्या घ्या. जुन्या रद्दीत जातात, किलोवर.

घरी फोन रविवारी करा. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते, गोड खाल्लेलं असतं, आवाज बरा लागतो. संध्याकाळी मेस बंद, तेव्हा वडापाववर असताना केला तर आईला आवाजातूनच कळतं. वडील काहीच विचारत नाहीत. ते सोयाबीनचा भाव सांगतात, पाऊस सांगतात, आणि शेवटी ‘पैसे आहेत ना?’ एवढंच. तुम्ही ‘आहेत’ म्हणा. दोघंही खोटं बोलताय हे दोघांनाही माहीत असतं, आणि एवढी स्वस्त प्रेरणा दुसऱ्या कुठल्याही बॅचमध्ये मिळत नाही. गावी मात्र गणपतीत शक्यतो जाऊ नका. पारावर पहिला प्रश्न ‘पोस्ट निघाली का?’, म्हणजे निवड झाली का, हाच येतो, आणि तो विचारणारा तुमच्यासोबत दहावी नापास झालेला असतो, आता त्याचे दोन टेम्पो आहेत.

ताईसाहेब, तुमच्यासाठी वेगळा अध्याय लिहायची गरज नाही. मुलांना खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गात ४३ वर्षांपर्यंत दम टिकवावा लागतो. तुम्हालाही नियमाने तेवढंच वय आहे, पण तुमची वयोमर्यादा आयोग ठरवत नाही, मामा ठरवतो. ‘मुलगा इंजिनियर आहे, लग्नानंतर शिकू देतो म्हणालेत’ हे वाक्य ऐकल्यावर इतिहासाचा पेपर ज्या वेगाने वाचून होतो, तो वेग कुठल्याही सरांच्या ओरडण्याने येत नाही. शासनाने हा मामा प्रत्येक अभ्यासिकेत नेमावा, असं मला वाटतं.

यशोगाथा रोज एक वाचा. ‘रिक्षाचालकाचा मुलगा झाला अधिकारी’, ‘पत्र्याच्या घरातून थेट मंत्रालयात’. फ्लेक्स, गुलाल, जेसीबीवरून हार. त्यातलं कष्टाचं प्रमाण खरं असतं, मी नाकारत नाही, त्या पोराने जीव ओतलेला असतो. मात्र तितकेच कष्ट करून दीड गुणाने राहिलेल्याची मुलाखत शोधायला जाऊ नका. तो तुमच्याच अभ्यासिकेत, पंख्याखालच्या खुर्चीवर बसतो. त्याला मुलाखतीला वेळ नाही, उत्तरतालिकेवर हरकती नोंदवायची आज शेवटची तारीख आहे.

पोस्ट निघाली की प्रेरणेची गरज संपली, असं समजणाऱ्यांना माझा एक प्रेमाचा इशारा. राज्यसेवा २०१९ चा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला. ४१३ जण निवडले गेले. उपजिल्हाधिकारी, पोलिस उपअधीक्षक, तहसीलदार. गावात मिरवणुका, सत्कार, शाल-श्रीफळ. मग सप्टेंबरात मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, मे २०२१ मध्ये ते आरक्षणच रद्द झालं, नेमणुका त्यात अडकल्या, आणि निकाल लागून वर्ष उलटलं तरी साहेब घरीच होते. लोक नमस्कार करायचे ‘साहेब’ म्हणून आणि खिशात पगाराचा पत्ता नाही. त्यामुळे भिंतीवरची ती चिठ्ठी निकालानंतरही काढू नका.

शेवटची सूचना जरा गंभीर आहे, नीट ऐका. रस्त्यावर जाऊ नका. मार्च २०२१ मध्ये ती परीक्षा पुढे ढकलली तेव्हा पोरांनी पुस्तकं मिटून नवी पेठेत रस्ता अडवला, आणि परीक्षा दहाच दिवसांत, २१ मार्चला, झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नवा लेखी पॅटर्न लांबवा म्हणून पुण्यात ठिय्या दिला, मोठमोठे नेते रात्री भेटायला आले, आणि आयोगाने तो पॅटर्न २०२५ पासून लागू होईल असं जाहीर केलं. मागणी योग्य होती का, यावर अभ्यासिकेतच दोन तट होते, तो वाद आजही चहावर निघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच. पोरं बसली, आणि २५ तारखेची परीक्षा हलली. अशा ठिकाणी मन अभ्यासातून उडतं. शेजारी बसलेला परभणीचा, त्याच्या पलीकडची गडचिरोलीची, प्रत्येकाच्या बॅगेत तीच चिठ्ठी आणि प्रत्येकाचा दीडच गुण. ते एकदा कळलं की पहाटे पाचला सर कितीही ओरडले तरी काटा येत नाही, सवलतीची मुदत निघून जाते, आणि माणूस भलत्याच माणसांना जाब विचारायला लागतो.